एक मे, खानदेशाच्या बाजूनं

१९५७ च्या निवडणुकीत पूर्व खानदेशानं लोकसभेत पाठवलेला माणूस मराठी नव्हता. नौशीर भरुचा हे मुंबईचे पारशी वकील, अपक्ष म्हणून निवडून आले. शेजारी धुळ्यात जनसंघाचे उत्तमराव पाटील जिंकले. त्या वर्षी अख्ख्या देशात जनसंघाचे चारच खासदार होते. एक अटलबिहारी वाजपेयी आणि दुसरे हे आपले धुळ्याचे. भरुचा आणि पाटील, दोघांनाही तारलं ते संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेनं. आता गंमत बघा. मुंबई महाराष्ट्राला मिळावी, गुजरातचा आणि आपला संसार वेगळा व्हावा, या मागणीसाठी जळगाव-भुसावळकडच्या मतदारानं जो माणूस दिल्लीला धाडला, तो पारशी, म्हणजे ज्या समाजाच्या घरात गुजराती बोलली जाते त्यातला. आणि हे कुणाला खटकलं नाही.

खटकण्यासारखं खानदेशात काही नव्हतंच. रावेर-यावलचा लेवा पाटील आपलं मूळ गुजरातेत सांगतो. शहादा-तळोद्याच्या गुजर शेतकऱ्याचंही तेच. नंदुरबारात ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच मुलं गेली. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, घनश्यामदास शहा आणि शशिधर केतकर. नावं नुसती वाचली तरी गावाची वीण कळते. त्या मिरवणुकीत शिरीषकुमारच्या तोंडी गुजराती घोषणा होत्या, कारण ती त्याची घरची भाषा. ग्रियर्सननं भारताच्या भाषांची पाहणी केली तेव्हा खानदेशी बोलीला मराठीच्या खंडात न घालता भिली बोलींबरोबर बसवलं. मराठी पंडितांना ते पटलं नाही, गुजराती पंडितांनी त्याचा सोयीनं उपयोग केला, आणि अहिराणी बोलणारा माणूस बैलगाडी जुंपून बाजाराला निघून गेला.

हा बाजार पश्चिमेला होता. पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे १९०६ साली झाले, पण त्याआधीच, १९०० च्या सुमारास, ताप्ती व्हॅली रेल्वे सुरतेहून अमळनेरपर्यंत येऊन पोचली होती. किलिक निक्सन या मुंबईच्या पेढीच्या कारभाराखालची ही कंपनी. तिचा हिशेब उघड होता: खानदेशचा कापूस आणि गळिताची धान्यं उचलायची, आणि सुरतेकडून कापड, मीठ, किराणा आणून टाकायचा. व्याऱ्यापासून नवापूरपर्यंतचा पट्टा तेव्हा बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात. सोनगड हे तर गायकवाड घराण्याचं पहिलं ठाणं. म्हणजे नवापूरच्या पलीकडे सीमा होतीच: अलीकडे इंग्रजांचा खानदेश, पलीकडे गायकवाडी मुलूख, त्याचे कायदे वेगळे, त्याचा कर वेगळा.

ही सीमा मिटली १ मे १९४९ रोजी. त्या दिवशी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. आणि बरोबर ११ वर्षांनी, १ मे १९६० रोजी, सीमा परत आली. फक्त जुन्या जागी आली नाही, थोडी पूर्वेला, खानदेशाच्या अंगात सरकून आली. १ मे म्हटलं की महाराष्ट्राला शिवाजी पार्क, मंगल कलश आणि हुतात्मे आठवतात. ते आठवावेतच. पण याच तारखेला खानदेशच्या वाट्याला आणखी काही आलं होतं, आणि त्याचा उल्लेख मला तरी महाराष्ट्र दिनाच्या भाषणात कधी ऐकायला मिळालेला नाही.

मधल्या ११ वर्षांची गोष्ट राजकारणाच्या पुस्तकांत मुंबईभोवती फिरते, आणि ते साहजिक आहे. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाचा अहवाल १९५५ च्या सप्टेंबरअखेर आला. गुजरात आणि मराठी मुलूख मिळून एक द्विभाषिक राज्य करावं, विदर्भ वेगळा ठेवावा, असं त्याचं म्हणणं. मग १९५६ च्या जानेवारीत मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा झाली, मुंबई पेटली, चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. ऑगस्टमध्ये संसदेनं तोडगा काढला तो विशाल द्विभाषिकाचा: कच्छपासून चांद्यापर्यंत एकच राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. मराठी माणसाला वाटलं, आपल्याला गुजरातच्या दावणीला बांधलं. अहमदाबादच्या माणसाला वाटलं, आपल्याला मुंबईच्या. ८ ऑगस्टला अहमदाबादेत काँग्रेस भवनासमोर विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, इंदुलाल याज्ञिकांच्या नेतृत्वाखाली महागुजरात जनता परिषद उभी राहिली. संसदेच्या बहुमतानं जोडलेलं हे जोडपं पहिल्या दिवसापासून विभक्त व्हायला उत्सुक होतं.

याला कोण कोणाला सोडून गेलं म्हणायचं? मुंबईहून पाहिलं तर महाराष्ट्र मिळाला. अहमदाबादेहून पाहिलं तर गुजरात सुटला. धुळ्या-जळगावहून पाहिलं तर शेजारी घर सोडून गेला, आणि जाताना कुंपण कुठून घालायचं ते दोन राजधान्यांनी आपापसांत ठरवलं.

या तिसऱ्या नजरेला जगात एक मोठी सोबत अलीकडे मिळाली, ती आयर्लंडची. ब्रिटन आणि आयर्लंड हे दोघे १ जानेवारी १९७३ रोजी एकाच दिवशी युरोपीय आर्थिक समुदायात शिरले. १९९३ पासून एकसंध बाजारपेठ झाली तशी त्या बेटावरची जकात चौकी ओस पडली. १९९८ च्या शांतता करारानंतर सैनिकही गेले. मग २३ जून २०१६ ला ब्रिटननं सार्वमत घेतलं आणि ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी बाहेर पडायचं ठरवलं. उत्तर आयर्लंडच्या मतदारांत जवळपास ५६ टक्के लोक राहायच्या बाजूचे होते, पण मोजणी साऱ्या ब्रिटनची. आणि दक्षिणेतल्या स्वतंत्र आयर्लंडला तर विचारण्याचा प्रश्नच नव्हता. ५०० किलोमीटरची सीमा, तिला ओलांडणाऱ्या २०० हून अधिक वाटा, आणि लंडनमधल्या प्रचारसभांत तिचं नावसुद्धा क्वचित.

सार्वमतानंतरच्या वाटाघाटींच्या काळात आयर्लंडचे पंतप्रधान होते लिओ वराडकर. वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. २०१८ च्या ऑक्टोबरात ब्रुसेल्सला युरोपीय नेत्यांच्या भोजनाला जाताना त्यांनी एका आयरिश वर्तमानपत्राचा अंक बरोबर नेला. त्यात १९७२ साली न्यूरीच्या जकात चौकीवर झालेल्या बॉम्बस्फोटाची हकिगत होती, नऊ माणसं मेली होती. वराडकरांना सांगायचं होतं ते इतकंच, की तुम्ही ज्याला कागदावरची रेघ समजता तिथे चौकी बसते, चौकीत माणूस बसतो, आणि मग पुढचं सगळं होतं. मालवणी आडनावाच्या त्या गृहस्थानं हे बोलावं याचं मला कौतुक वाटलं, पण त्याहून जास्त वाटला तो मत्सर. आयर्लंडला निदान बोलायला एक टेबल होतं. त्याच्या मागे २६ देश उभे होते. पश्चिम खानदेशाच्या मागे कोण उभं होतं?

तुलना ताणायची नाही. खानदेशात बॉम्ब फुटले नाहीत, दोन राज्यं एकाच देशात राहिली, पासपोर्ट कुणाला दाखवावा लागला नाही. पण दोन गोष्टी सारख्या आहेत. कडेला राहणाऱ्याला विचारलं गेलं नाही, ही पहिली. दुसरी अशी की सीमा वेगळं होण्याच्या दिवशी जाणवत नाही. ती त्यानंतर एकेक कायदा बदलत जातो तशी उगवत जाते.

आता वाटणी कशी झाली ते पाहू. १९५९ च्या अखेरीस काँग्रेस कार्यकारिणीनं विभाजनाला मान्यता दिली, १९६० च्या एप्रिलमध्ये संसदेनं मुंबई पुनर्रचना कायदा मंजूर केला. त्या कायद्यात गुजरातला जाणाऱ्या मुलखाची यादी आहे. बनासकांठा, मेहसाणा, अहमदाबाद, सुरत वगैरे जिल्हे तर जायचेच होते. त्यांच्याबरोबर डांग गेलं. ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातली गावं गेली. आणि पश्चिम खानदेशच्या नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा या चार तालुक्यांतली मिळून १५६ गावं गेली. कायद्याच्या परिशिष्टात ती एकेक करून छापलेली आहेत.

डांगावरून मराठी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं रण माजलं होतं. एकोणिसाव्या शतकात डांगच्या भिल राजांशी इंग्रजांनी जंगलाचे भाडेपट्टे केले तेव्हा तो मुलूख खानदेशच्या भिल एजंटाच्या नजरेखाली होता. डांगी बोली मराठी की गुजराती, यावर जनगणनेच्या आकड्यांनिशी भांडणं झाली. डांगी माणसाला यात कुणी साक्षीला बोलावल्याचं दिसत नाही. उंबरगावचंही नाव तेव्हा गाजलं. पण त्या १५६ गावांचा गाजावाजा झाला नाही. त्यांच्यावरून अत्र्यांचा अग्रलेख नाही, सीमा परिषद नाही, ठरावांची रांग नाही. बेळगावसाठी आपण आजही सुप्रीम कोर्टात आहोत. या गावांसाठी तेव्हाही नव्हतो.

कारण सरळ होतं. ही गावं भिल, मावची, कोकणा, गावित यांची होती. तिथे वर्तमानपत्र जात नव्हतं. मुंबई-पुण्यात त्यांच्या बाजूनं रस्त्यावर उतरेल असा त्यांचा कुणी नातेवाईक नव्हता. आणि गुजरातला ती हवी होती तिथल्या माणसांसाठी नव्हे, तर पाण्यासाठी. तापीवर उकाईला मोठं धरण बांधायचं ठरत होतं. त्याचा फुगवटा नदीच्या वरच्या अंगाला पश्चिम खानदेशात शिरणार होता. धरण एका राज्यात आणि बुडीत दुसऱ्या राज्यात असेल तर काय होतं याची कल्पना तेव्हाच्या राज्यकर्त्यांना होती. म्हणून बुडणारी जमीन आणि तिच्या आसपासची गावं आधीच धरणाच्या राज्यात घालून टाकण्यात आली. व्यवहार म्हणून पाहिलं तर शहाणपणाचा. पुढे नर्मदेवर सरदार सरोवराच्या वेळी अक्कलकुवा आणि अक्राणीची ३३ गावं महाराष्ट्रात राहून बुडाली आणि लवाद, मोर्चे, न्यायालयं यांत तीस-चाळीस वर्षं गेली. ते पाहता उकाईचं काम किती गाजावाजा न होता उरकलं ते लक्षात येतं. उकाई धरण १९७२ मध्ये पुरं झालं. ज्या गावांनी एक राज्य गमावलं होतं, त्यांतल्या कित्येकांनी बारा वर्षांत जमीनही गमावली.

या गावांचे पुढे गुजरातेत उच्छल आणि निझर असे तालुके झाले. २००७ साली सुरत जिल्हा तोडून तापी जिल्हा केला तेव्हा ते त्यात गेले. नंतर निझरमधून कुकरमुंडा वेगळा तालुका झाला. कुकरमुंडं हे खानदेशच्या जुन्या दफ्तरांत वारंवार येणारं नाव, तळोद्याच्या आधी त्या परगण्याचं ठाणं तेच होतं. आज निझरच्या माणसाला बाजाराला, दवाखान्याला नंदुरबार जवळ. जिल्ह्याच्या कामाला मात्र व्याऱ्याला, उकाईच्या जलाशयाला वळसा घालून. सोयरीक अजून दोन्हीकडे चालते. वळवी, वसावे, पाडवी, गावित यांच्या लग्नाच्या जेवणावळीत एस.टी.च्या लाल बसनं आलेले आणि गुजरातच्या बसनं आलेले पाहुणे एकाच पंगतीला बसतात. जमिनीचा उतारा दोन्हीकडे सातबाराच म्हणवतो, कारण तो मुळात मुंबई इलाख्याचा. शाळेतली पुस्तकं मात्र बदलली, आणि दोन पिढ्यांत नातवंडं आजोबांचं जुनं खरेदीखत वाचेनाशी झाली.

वाटणीत पैसाही होता. गुजरात तुटीचं राज्य ठरणार, मुंबईचं उत्पन्न महाराष्ट्राकडे राहणार, तेव्हा गुजरातसाठी एक विशेष महसुली राखीव निधी आणि त्यात महाराष्ट्रानं घालायच्या रकमा कायद्यातच लिहून दिल्या गेल्या. ब्रिटननं युरोपला सोडताना द्यायच्या अंदाजे ३९ अब्ज पौंडांवरून लंडनमध्ये जेवढा आरडाओरडा झाला, तेवढाच इथे विदर्भ-मराठवाड्याच्या आमदारांनी केला असता तर वावगं नव्हतं. फरक असा की तिकडे जाणाऱ्यानं पैसे मोजले, इकडे राहणाऱ्यानं. मुंबईची किंमत होती ती.

३० एप्रिलच्या मध्यरात्री राजभवनात नेहरूंनी नव्या राज्याच्या नकाशाचं अनावरण केलं. साबरमतीला रविशंकर महाराजांच्या हस्ते गुजरातचं उद्घाटन झालं, जीवराज मेहता मुख्यमंत्री झाले. एस.टी. महामंडळाच्या गाड्या, आगारं, माणसं वाटली गेली आणि त्याच दिवशी गुजरातचं वेगळं महामंडळ झालं. अहमदाबादेत वेगळं हायकोर्ट बसलं. नवापूरच्या रेल्वे स्टेशनातून रेघ गेली. हे स्टेशन आज पर्यटकांना फोटो काढायला आवडतं: बाकाचा एक अर्धा महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत, तिकीटखिडकी या राज्यात आणि स्टेशनमास्तर त्या राज्यात, उद्घोषणा चार भाषांत. मला विचाराल तर नवापूरचं बाक ही सीमेची सर्वांत बिनमहत्त्वाची गोष्ट आहे. खरी सीमा वखारीत आणि अडतीत होती.

ती समजायला विक्रीकराकडे जायला हवं. विषय रुक्ष आहे, पण सगळी मेख तिथेच आहे. विशाल द्विभाषिकात सौराष्ट्र, विदर्भ, मराठवाडा, जुना मुंबई प्रांत असे वेगवेगळे करकायदे चालू होते. ते एकत्र करून मुंबई विक्रीकर कायदा, १९५९ केला गेला आणि १ जानेवारी १९६० पासून लागू झाला. द्वारकेपासून गोंदियापर्यंत एक कर, एक बाजार. हा एक बाजार एकाच राज्यात किती दिवस टिकला? चार महिने. १ मे रोजी कायदा तोच राहिला, शब्दन् शब्द तोच, पण दोन राज्यांचा झाला. आणि नंदुरबारच्या व्यापाऱ्यानं सुरतेच्या व्यापाऱ्याला विकलेली मिरची, जी ३० एप्रिलला राज्यांतर्गत विक्री होती, ती दुसऱ्या दिवशी आंतरराज्य विक्री झाली. तिला आता केंद्रीय विक्रीकर लागू. दर एक टक्का. एवढ्याशा एक टक्क्यानं कुणाचं काय बिघडतं, असं तेव्हा वाटलं असणार. १९६३ ला तो दोन झाला, १९६६ ला तीन, १९७५ ला चार. बरोबर सी फॉर्म आला, म्हणजे सवलतीच्या दरासाठी खरेदीदारानं द्यायचा दाखला. तो मिळेपर्यंत सुरतेच्या पेढीला पत्रं, तगादे, मग असेसमेंटला फॉर्म नाही म्हणून पूर्ण दरानं कर. गुजरातनं १९६९ साली स्वतःचा विक्रीकर कायदा केला आणि तो पुढच्या वर्षी लागू झाला, तेव्हा दोन्हीकडचे दरही वेगळे होऊ लागले. मग कोणता माल कुठे बिल करायचा, कुठल्या डेपोला 'पाठवला' असं दाखवायचं, ही एक स्वतंत्र विद्या झाली. तिच्यात पारंगत असलेले मुनीम नंदुरबार-दोंडाईच्याला चांगला पगार घेत.

घटनेच्या ३०१ व्या कलमात भारतभर व्यापार मुक्त राहील असं लिहिलेलं आहे. सुरत-धुळे हमरस्त्यावर रात्री नाक्यावर उभ्या ट्रकांच्या रांगेला हे कलम वाचून दाखवलं असतं तर ड्रायव्हरांनी विडी शिलगावून ऐकलं असतं.

दारूचं तसंच झालं. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, मोरारजींच्या काळातला, दोन्ही राज्यांना वारशात मिळालेला. महाराष्ट्रानं साठच्या दशकात तो सैल करत नेला, परवाने दिले, पुढे देशी दारूची दुकानं आली. गुजरातनं तो कडक ठेवला आणि २०११ साली त्याचं नावही गुजरात दारूबंदी कायदा केलं. एकाच कायद्याची दोन पोरं, एक अबकारी कराच्या उत्पन्नावर पोसलेलं, एक उपवासाचं. परिणाम काय झाला ते नवापूरला वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रातलं शेवटचं दुकान आणि गुजरातमधलं पहिलं गाव यांच्यातला व्यापार कुठल्याही सरकारी पाहणीत आला नाही, तरी त्या पट्ट्यातल्या पोलीस ठाण्यांच्या नोंदवह्या त्यानंच भरल्या.

पण खानदेशाला खरी सीमा दाखवली ती कापसानं. महाराष्ट्र सरकारनं कापसाची एकाधिकार खरेदी योजना आणली, १९७२ च्या हंगामापासून. कापूस फक्त सरकारनं, म्हणजे पणन महासंघानं घ्यायचा. खाजगी व्यापाऱ्याला बंदी, राज्याबाहेर नेण्याला बंदी. हेतू चांगला होता. व्यापारी नाडतो, मापात मारतो, तेव्हा हमीचा भाव आणि नफा झालाच तर वरून बोनस. काही हंगाम तो मिळालाही, आणि ज्यांनी मंदीच्या वर्षात हमीभाव घेतला त्या शेतकऱ्यांच्या तोंडून मी योजनेचं कौतुकही ऐकलं आहे. पण तेजीच्या वर्षी काय? संकलन केंद्रावर गाड्यांची रांग, ग्रेडर कापूस मुठीत दाबून दर्जा उतरवणार, चुकारा महिन्यांनी. आणि तासाभराच्या अंतरावर, निझर-उच्छलकडे, किंवा मध्य प्रदेशात खेतिया आणि सेंधव्याला, व्यापारी रोख पैसे मोजत बसलेला.

मग बैलगाड्या रात्री निघू लागल्या. पुढे ट्रॅक्टर आले. शहाद्याचा कापूस खेतियाला, शिरपूरचा सेंधव्याला, नंदुरबारचा तापीच्या पलीकडे. ज्या शेतकऱ्यानं आयुष्यात कुणाचं काही चोरलं नव्हतं तो स्वतःच्या शेतातला कापूस स्वतःच विकताना गुन्हेगार ठरू लागला. १९६० पर्यंत ज्याला तो 'पलीकडचा बाजार' म्हणत होता त्याला आता सरकारी कागदात 'परराज्य' हा शब्द होता. यातला विलक्षण भाग असा की निझर १२ वर्षांपूर्वी त्याच्याच जिल्ह्यात होतं. काही गाड्या अशा शेतांतून जात असतील ज्यांचा शेतसारा एकेकाळी एकाच चावडीवर भरला जायचा. शेतकरी संघटनेनं या बंदीविरुद्ध आवाज उठवला, सरकारं बदलली, योजना दरवर्षी मुदतवाढ घेत रखडत चालली आणि २००२ साली खाजगी खरेदीला मोकळीक मिळाली तेव्हा तिचा एकाधिकार संपला. तीस वर्षं. आयर्लंडमध्ये १९२३ च्या एप्रिलात जकात चौक्या बसल्या त्यानंतर लोण्याची आणि गुरांची चोरटी ने-आण सुरू झाली. तिच्या गोष्टी तिकडच्या म्हाताऱ्यांनी अभिमानानं सांगितल्या. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांनी त्या सांगितल्या नाहीत, कारण ऐकायला कुणी आलं नाही. शहादा-तळोद्याच्या कापूस चोरवाटांवर मराठीत एक चांगली कादंबरी व्हायला हवी होती असं मला अनेकदा वाटतं.

चोरवाटेनं माल दोन्ही बाजूंनी येतो. २००१ साली गुजरातेत परवानगी नसलेलं बीटी कापसाचं बियाणं शेतांत सापडलं आणि देशभर गहजब झाला. परवानगीची मोहोर उमटण्याआधी हे पांढरं सोनं सीमा ओलांडून महाराष्ट्रातही पोचलेलं होतं.

माल असा चोरून जात होता, माणसं मात्र उघड गेली. सुरतेच्या यंत्रमागांना आणि साड्यांच्या कारखान्यांना हात हवे होते. अवर्षणानं, तुकड्या झालेल्या जमिनीनं गांजलेला धुळे-जळगावचा तरुण ताप्तीच्या त्याच रेल्वेत बसला. उधना आणि लिंबायत भागात अहिराणी सर्रास ऐकू येते. जळगाव जिल्ह्यातल्या पिंप्री अकाराऊत गावी जन्मलेले सी. आर. पाटील सुरतेत पोलीस शिपाई होते. पुढे नवसारीचे खासदार झाले, २०२० मध्ये गुजरात भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये केंद्रात जलशक्तिमंत्री. ज्या राज्यानं वेगळं व्हायचं म्हणून आंदोलन केलं त्याच्या सत्ताधारी पक्षाची सूत्रं एका खानदेशी माणसाकडे जावीत, हे इंदुलाल याज्ञिकांना कसं वाटलं असतं कोण जाणे. भरुचांना नक्की आवडलं असतं.

मग इतिहासानं एक गंमत केली. २०१६ च्या उन्हाळ्यात ब्रिटन एकसंध बाजारपेठेतून बाहेर पडायचं ठरवत होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या संसदेत वस्तू व सेवा कराची घटनादुरुस्ती मंजूर झाली. डब्लिनमध्ये चौकी परत येणार की काय या भीतीनं झोप उडालेली असताना, १ जुलै २०१७ ला इकडे सी फॉर्मचं राज्य बहुतांशी संपलं. नंदुरबारच्या मिरचीला सुरत आणि पुणे पुन्हा एका हिशेबात आले, सत्तावन्न वर्षांनी. नोव्हेंबर २०१९ मध्ये गुजरातनं आपले आरटीओचे नाके बंद केले. दोन महिन्यांनी, ३१ जानेवारी २०२० ला, ब्रिटन युरोपीय संघातून अधिकृतपणे बाहेर पडलं. आयर्लंडच्या बेटावर चौकी आली नाही, ती समुद्रात सरकवली गेली: ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालाची तपासणी बंदरांवर. त्यावरून बेलफास्टमधली सरकारं अडली आणि २०२३ मध्ये विंडसरला नवा करार करावा लागला. सीमा कुठेतरी लागतेच, तिची जागा कोण ठरवणार एवढाच वाद.

खानदेशात ती आता दोन वस्तूंत उरली आहे, दारू आणि इंधन. या दोन गोष्टी जीएसटीबाहेर ठेवल्या गेल्या, कारण कुठल्याच राज्याला त्यांच्यावरचं उत्पन्न सोडवत नाही. म्हणून नवापूरकडचा मोटारसायकलवाला टाकी भरायला उच्छलकडच्या पंपावर जातो, तिथे पेट्रोल स्वस्त. तिकडचा माणूस इकडे का येतो ते वर आलंच आहे. सुरतेच्या मागवाल्यांनी महाराष्ट्राची वीज सवलत पाहून नवापूरच्या औद्योगिक वसाहतीत शेड घेतल्या. त्यांत निझर-उच्छलची पोरं-पोरी कामाला येतात, म्हणजे १५६ गावांतल्या लोकांची नातवंडं रोज सकाळी महाराष्ट्रात येतात आणि पाळी संपली की गुजरातेत घरी जातात.

पावसाळ्यात मात्र दोन्ही राज्यांचा कारभार एका नदीवर येतो. सातपुड्यात पाऊस धरला की भुसावळजवळ हतनूरचे ४१ दरवाजे उघडायला लागतात. किती दरवाजे किती उघडले, किती क्युसेक सोडलं, हा निरोप लगोलग उकाईच्या नियंत्रण कक्षात जातो. २००६ च्या ऑगस्टमध्ये सुरत बुडाली तेव्हापासून हे निरोप दोन्हीकडे फार काळजीनं घेतले जातात. निरोप जातो मराठी अधिकाऱ्याकडून गुजराती अधिकाऱ्याला, भाषा बहुधा हिंदी, मधूनमधून आकडे इंग्रजीत.